निळा डाग, लाल डाग : प्रयोगपूर्व निवेदन आणि दुखावलेला प्रेक्षक

१

नाट्यसंहितेचा इतिहास लिहिणे तुलनेने सोपे असते, प्रयोगाचा इतिहास लिहिणे अवघड असते आणि प्रेक्षकाचा इतिहास लिहिणे जवळजवळ अशक्य असते. संहिता छापली जाते. प्रयोगामागे छायाचित्रे, परीक्षणे, नटांच्या आठवणी उरतात. प्रेक्षक मात्र पडदा पडला की घरी जातो. तो कोठे हसला, कोठे अवघडला, कोठे त्याने शेजाऱ्याकडे चोरून पाहिले, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. त्याची नोंद होते ती त्याने आरडाओरडा केला, तक्रार केली किंवा प्रयोग बंद पाडला तरच. परिणामी प्रायोगिक रंगभूमीच्या उपलब्ध इतिहासात प्रेक्षक बहुधा दोनच रूपांत भेटतो : नाटक न कळल्यामुळे चिडलेला आणि ते कळल्यामुळे टाळ्या वाजवणारा. पहिल्याला सनातनी आणि दुसऱ्याला जाणकार ठरवून समीक्षा पुढे जाते.

ही विभागणी कितपत न्याय्य आहे, हा येथील प्रश्न आहे. विजय तेंडुलकरांच्या ‘गिधाडे’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या दोन नाटकांच्या प्रयोगांना मिळालेल्या प्रतिसादाचा विचार केला, तर चिडलेल्या प्रेक्षकाला नाटक कळले नव्हते, हे गृहीतक टिकत नाही. त्याला ते पुष्कळदा नाटकाच्या कैवाऱ्यांपेक्षाही नेमके कळले होते. त्याची मागणी चुकीची होती. त्याचे वाचन चुकीचे होते असे म्हणता येत नाही. हे दोन निवाडे वेगळे करणे अभिग्रहणाच्या अभ्यासासाठी आवश्यक आहे.

हान्स रोबेर्ट याउस यांनी १९६७ साली कोन्स्टान्झ विद्यापीठात मांडलेल्या भूमिकेत वाचकाच्या अपेक्षांचे क्षितिज आणि कलाकृती यांतील अंतराला मध्यवर्ती स्थान होते. तुलनात्मक साहित्याभ्यासात ही संकल्पना आता रुळली आहे. तथापि, याउस यांचा वाचक एकटा असतो आणि त्याच्या कपाळावरच्या आठ्या पुस्तकाला दिसत नाहीत. नाटकाचा प्रेक्षक समूहात बसतो आणि त्याचा प्रतिसाद त्याच क्षणी रंगमंचावर पोहोचतो. सूझन बेनेट यांनी १९९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नाट्यप्रेक्षकाचा स्वतंत्र विचार मांडला, तो याच भेदाची जाणीव ठेवून. तरीही पुराव्याचा प्रश्न उरतोच. लुप्त झालेला प्रतिसाद शोधायचा कोठे?

एक जागा अशी आहे की जिथे प्रेक्षकाच्या प्रतिसादाची छाया शब्दांत पडलेली असते. ती म्हणजे प्रयोगपूर्व निवेदन. नाटक सुरू होण्याआधी प्रेक्षकाला जे सांगितले जाते, त्यात नाटकवाल्यांना कोणत्या प्रेक्षकाची अपेक्षा आहे आणि कोणत्या प्रेक्षकाची धास्ती आहे, हे दोन्ही नोंदले जाते. निवेदन म्हणजे येऊ घातलेल्या प्रतिसादाला आधीच दिलेले उत्तर.

२

या उत्तराची भारतीय परंपरा जुनी आहे. ‘नाट्यशास्त्रा’च्या पहिल्याच अध्यायात पहिल्या प्रयोगाची कथा येते आणि ती कथा प्रक्षुब्ध प्रेक्षकांचीच आहे. इंद्रध्वजाच्या उत्सवात देवांनी दैत्यांवर मिळवलेला विजय दाखवला जातो. आपला पराभव पाहून दैत्य संतापतात आणि विघ्नांच्या साहाय्याने नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती जखडून टाकतात. त्यानंतर तीन उपाय होतात. इंद्र आपल्या ध्वजदंडाने, म्हणजे जर्जराने, विघ्नकर्त्यांना चोप देतो. विश्वकर्मा बंदिस्त नाट्यगृह बांधतो आणि त्याच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर देवता रक्षक म्हणून बसतात. आणि अखेरीस ब्रह्मदेव दैत्यांशी बोलतो. दंडुका, भिंत आणि संवाद हा क्रम विसाव्या शतकातील कोणत्याही वादग्रस्त प्रयोगाच्या अभ्यासकाला ओळखीचा वाटावा असा आहे.

ब्रह्मदेवाने दिलेल्या उत्तराचे स्वरूप विशेष लक्षणीय आहे. नाटकात तुमचे चित्रण नाही, असे तो दैत्यांना सांगत नाही. नाट्य हे केवळ तुमचे किंवा केवळ देवांचे नसून तिन्ही लोकांच्या भावांचे अनुकीर्तन आहे, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. ‘हे तुमचे नाहीच’ आणि ‘हे केवळ तुमचे नाही’ या दोन उत्तरांत मोठे अंतर आहे. पहिले उत्तर प्रेक्षकाची ओळख नाकारते. दुसरे उत्तर ती मान्य करून तिचा परीघ वाढवते.

याच ग्रंथाच्या सिद्धिविषयक अध्यायात प्रेक्षकांच्या प्रतिसादाचे तपशीलवार वर्गीकरण येते. मानुषी सिद्धीत स्मित, अर्धहास, अतिहास, ‘साधु’, ‘अहो’, ‘कष्टम्’ असे उद्गार आणि रोमांच, उठून उभे राहणे, वस्त्रे देणे अशा शारीरिक प्रतिक्रिया गणल्या आहेत. दैविकी सिद्धीचे लक्षण याहून निराळे आहे. नाट्यगृह पूर्ण भरलेले असून तेथे गोंगाट, क्षोभ वा उत्पात नसतो. म्हणजे निःशब्द एकाग्रता हा टाळीपेक्षा श्रेष्ठ प्रतिसाद मानला आहे. विरोध मात्र येथे सिद्धीत बसत नाही. मत्सरी वा शत्रुपक्षाच्या लोकांनी केलेला कोलाहल, रंगमंचावर फेकलेले शेण आणि ढेकळे यांची गणना ‘घाता’त, म्हणजे प्रयोगावर आलेल्या संकटांत केली आहे. एकाच ग्रंथात विरोधी प्रेक्षकाकडे पाहण्याच्या दोन दृष्टी अशा शेजारी नांदतात. सिद्धिविचारात तो संकट आहे, तर उत्पत्तिकथेत उत्तर मिळण्यास पात्र असलेला संवादक. आधुनिक नाट्यसमीक्षेने बहुधा पहिली दृष्टी स्वीकारली आणि दुसरीकडे दुर्लक्ष केले.

३

आधुनिक प्रायोगिक रंगभूमीतील निवेदनांचे दोन पाश्चात्त्य नमुने तुलनेसाठी घेता येतील. डिसेंबर १८९६ मध्ये पॅरिसच्या ‘थिएत्र द ल’अव्र’मध्ये आल्फ्रेद जारी याच्या ‘उबू र्‍वा’चा प्रयोग झाला. पडदा उघडण्यापूर्वी जारीने स्वतः प्रेक्षकांपुढे छोटेसे भाषण केले आणि नाटक पोलंडमध्ये, म्हणजेच कोठेही नाही अशा ठिकाणी घडते, असे सांगितले. त्या काळी फाळणी झालेला पोलंड नकाशावर राज्य म्हणून अस्तित्वात नव्हता. त्यामुळे हा विनोद राजकीयही होता. परंतु नाटकातील पहिलाच शब्द उच्चारला गेला आणि ‘कोठेही नाही’ हे स्थान पॅरिसमध्येच आहे, हे सभागृहाने ओळखले. गदारोळ झाला. निवेदनाने स्थळ पुसले होते. प्रेक्षकाने ते पुन्हा लिहिले.

दुसरा नमुना १९ नोव्हेंबर १९५७ चा, कॅलिफोर्नियातील सॅन क्वेंटिन तुरुंगातला. सॅन फ्रान्सिस्को अॅक्टर्स वर्कशॉप या संस्थेने सुमारे १४०० कैद्यांपुढे बेकेटचे ‘वेटिंग फॉर गोदो’ सादर केले. नाटकात स्त्रीपात्र नाही, हे निवडीचे एक कारण होते. दिग्दर्शक हर्बर्ट ब्लाऊ यांनी प्रयोगापूर्वी कैद्यांशी बोलताना नाटकाची तुलना जॅझ संगीताशी केली आणि त्यात ज्याला जे सापडेल ते त्याने ऐकावे, असे सुचवले. कैद्यांनी नाटक शांतपणे पाहिले. सुशिक्षित नागर प्रेक्षकांना दुर्बोध वाटलेले नाटक कैद्यांना चटकन उमगले, या आशयाने मार्टिन एस्लिन यांनी आपल्या असंगत रंगभूमीवरील १९६१ सालच्या ग्रंथाचा प्रारंभ याच प्रसंगाने केला.

हा प्रसंग त्यानंतर ‘भोळ्या प्रेक्षकाच्या थेट आकलना’चा दाखला म्हणून वारंवार सांगितला गेला. परंतु ते आकलन पूर्णतः थेट नव्हते. ब्लाऊ यांच्या निवेदनाने कैद्यांना अर्थ शोधण्याच्या सक्तीतून आधीच मोकळे केले होते. शिवाय प्रतीक्षा हा त्यांचा रोजचा अनुभव होता. त्यांचे अपेक्षांचे क्षितिज कोरे नव्हते; ते या नाटकासाठी विलक्षण अनुकूल होते. रिक क्लची हा कैदी तर त्या रात्री प्रेक्षागारात नव्हताही. कोठडीत बंद असताना ध्वनिक्षेपकावरून त्याने ते नाटक ऐकले, पुढे तुरुंगातील नाट्यगटात तो अग्रभागी राहिला आणि सुटकेनंतर त्याने बेकेटबरोबर काम केले. ज्याने प्रयोग पाहिला नाही तोच त्या प्रयोगाचा सर्वांत टिकाऊ प्रेक्षक ठरला. टाळ्या आणि शिट्ट्या मोजून प्रतिसादाचे मोजमाप करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

या पार्श्वभूमीवर ‘गिधाडे’चे निवेदन वेगळे उठून दिसते. डॉ. श्रीराम लागू यांनी दिग्दर्शित केलेला या नाटकाचा प्रयोग १९७० साली रंगमंचावर आला. भावांच्या लाथांनी माणिकचा गर्भपात होतो आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो, या दृश्याला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. तडजोड म्हणून डागाचा रंग निळा करण्यात आला आणि मंडळाच्या सूचनेनुसार लाल डाग गाळला असून दिसणारा निळा डाग प्रेक्षकांनी लाल समजावा, अशा आशयाचे निवेदन प्रयोगापूर्वी करण्यात येऊ लागले.

या निवेदनाचे कार्य जारीच्या किंवा ब्लाऊ यांच्या निवेदनाहून मूलतः भिन्न आहे. परिनिरीक्षण मंडळाचे गृहीतक असे की, प्रेक्षक हा पाहणारा डोळा आहे. डोळ्याला लाल दिसले नाही की मनाला इजा होणार नाही. निवेदनाने या गृहीतकाला शांतपणे छेद दिला. दृश्य येण्याच्या आधीच प्रेक्षकाला त्या डागाची वाट पाहायला लावले गेले. तो दिसला तेव्हा सभागृहातील प्रत्येकाला निळ्याचे लाल स्वतःच्या मनात करावे लागले. जो डाग कदाचित क्षणभर पाहून नजर वळवली गेली असती, तो आता प्रेक्षकाच्या सहभागाशिवाय पूर्णच होत नव्हता. रक्त रंगमंचावर नव्हते. ते प्रेक्षकाने आणलेले होते.

वास्तववादी नाटकात अनपेक्षितपणे घुसलेली ही सांकेतिकता मराठी रंगभूमीला परकी नव्हती. एक फेरी मारली की गाव बदलते, हा तमाशाचा आणि दशावताराचा संकेत प्रेक्षकाच्या अंगवळणी पडलेला होता. मंडळाने बंदी घातली वास्तवाच्या एका खुणेवर. तिच्या जागी नकळत आले ते लोकरंगभूमीचे व्याकरण. अर्थात यावरून नियंत्रण कलेला उपकारक असते, असा निष्कर्ष काढणे अनुचित ठरेल. नाटकवाल्यांना त्यांचा लाल रंग हवा होता आणि तो त्यांना मिळाला नाही, ही वस्तुस्थिती कोणत्याही चातुर्याने पुसली जात नाही.

४

‘घाशीराम कोतवाल’चा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. डॉ. जब्बार पटेल दिग्दर्शित, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांचे नृत्यदिग्दर्शन लाभलेला हा प्रयोग प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात सादर केला. नाटक ब्राह्मणविरोधी असून ते नाना फडणवीसांची बदनामी करते, असे आक्षेप घेतले गेले. १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ साली थिएटर अॅकॅडमीची स्थापना केली आणि १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे राहिले.

येथे एक बाब नीट पाहिली पाहिजे. नाटक थांबवण्याचा निर्णय संस्थेच्या आतला होता. म्हणजे विरोधी प्रेक्षक केवळ प्रेक्षागारात बसलेला नव्हता. तो नाटक करणाऱ्या संस्थेच्या बैठकीतही बसलेला होता. ‘प्रायोगिक गट विरुद्ध सनातनी समाज’ हे सोयीचे चित्र येथेच विस्कटते.

तेंडुलकरांनी आपली बाजू मांडताना हे ऐतिहासिक नाटक नसल्याचे स्पष्ट केले. घाशीराम हे विशिष्ट सामाजिक परिस्थितीतून निर्माण होतात आणि त्या परिस्थितीला स्थळकाळाचे बंधन नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हे म्हणणे प्रामाणिक आहे आणि एका मर्यादेत खरेही आहे. सत्तेने गरजेपुरता एक क्रूरकर्मा उभा करावा आणि गरज संपताच त्याला जमावाच्या हवाली करावे, ही घटना कोठेही घडू शकते. नाटक देशभर आणि देशाबाहेर पोहोचले ते या सामान्यत्वाच्या बळावर.

परंतु प्रयोग काय करत होता? रंगमंचावर ब्राह्मणांची एक ओळ उभी राहते. हाच पडदा. तो झुलतो, नाचतो, देवतांना आळवतो. कीर्तनाला निघाल्याचे सांगतो आणि बावन्नखणीकडे वळतो. जे दिसू नये ते घडत असताना तो पाठ फिरवतो. अन्य वेळी तोच रस्ता होतो, भिंत होते, जमाव होतो. पडद्याचे रूढ काम प्रेक्षक आणि रंगमंच यांना विलग करण्याचे. येथे पडदा नागरिकांचा आहे आणि समोर बसलेलेही नागरिकच आहेत. तीच नगरी, तीच बोली, तीच आडनावे, तेच कीर्तनाचे सूर. प्रेक्षक पडदा पाहत नव्हता. स्वतःची पाठ पाहत होता. शेवटी घाशीरामाला दगडांनी ठेचले जाते आणि नाना जनसमुदायाला उद्देशून बोलतो, तेव्हा तो समुदाय रंगमंचावर संपत नाही, प्रेक्षागारापर्यंत येतो.

याला भरीव ऐतिहासिक आधारही होता. घाशीराम सावळदास हा कोतवाल आणि १७९१ सालचा त्याचा अंत या वास्तव घटना आहेत. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच त्या नावावर पुस्तक लिहिले होते. नानांची कोतवालाच्या मुलीविषयीची लालसा ही मात्र नाटककाराची निर्मिती. ज्यांना ती खटकली त्यांची हरकत इतिहासाच्या पातळीवर निराधार नव्हती. म्हणून ‘हे ऐतिहासिक नाही’ या उत्तराने त्यांचे समाधान होणे शक्यच नव्हते. ऐतिहासिक नाही तर नाव नानांचे का, हा त्यांचा प्रतिप्रश्न होता. आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, नाव दुसरे असते तर प्रेक्षक स्वस्थ बसला असता. नाटकाला तो स्वस्थ बसायला नको होता.

‘नाट्यशास्त्रा’तील भेद येथे उपयोगी पडतो. ‘हे तुमचे नाहीच’ असे सांगणारे निवेदन प्रयोगाच्याच विरोधात जाते. कारण प्रयोगाची सारी रचना ‘हे तुमचे आहे’ असे सांगण्यासाठी बांधलेली आहे. दुखावलेल्या पुणेकर प्रेक्षकाने प्रयोगावर विश्वास ठेवला, निवेदनावर नाही. याउलट ‘ही केवळ सत्तेची सार्वकालिक रूपककथा आहे’ असे म्हणून टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाने निवेदन स्वीकारले आणि प्रयोगाची धार हलक्या हाताने म्यान केली. या दोघांत नाटक कोणाला अधिक कळले, याचा निर्णय वाटतो तितका सरळ नाही. ब्रह्मदेवाचे उत्तर, ‘हे तुमचे आहे, पण केवळ तुमचे नाही’, या वादात क्वचितच कोणी दिले.

आयर्लंडमधील समांतर उदाहरण हे अधिक स्पष्ट करते. जे. एम. सिंग यांचे ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’ २६ जानेवारी १९०७ रोजी डब्लिनच्या अॅबी थिएटरात आले. बापाचा खून केल्याची बढाई मारणाऱ्या तरुणाला खेडूत डोक्यावर घेतात, हे चित्र आणि स्त्रीच्या अंतर्वस्त्राचा उल्लेख यांमुळे आयरिश जनतेची बदनामी झाल्याचा आरोप झाला. प्रेक्षागारात गोंधळ माजला, पोलीस बोलावले गेले. पण पुढे ४ फेब्रुवारीला त्याच नाट्यगृहात जाहीर चर्चा झाली आणि येट्स विरोधकांसमोर उभे राहिले. दंडुका, भिंत आणि शेवटी संवाद हाच जुना क्रम. पुढे नाटक अमेरिकेत गेले तेव्हा तेथील आयरिश समाजाने पुन्हा विरोध केला आणि जानेवारी १९१२ मध्ये फिलाडेल्फियात नटांना अटकही झाली. नाटकाबरोबर त्याचा दुखावणारा प्रेक्षकही समुद्र ओलांडून आधीच पोहोचलेला होता.

‘घाशीराम’ १९८० साली युरोपात गेले आणि बर्लिनसह अनेक ठिकाणी त्याचे प्रयोग झाले. ते परदेशी नेण्याला महाराष्ट्रातून विरोध झाला. आपली लाज परक्यांपुढे का उघडी करायची, असा त्यामागचा भाव होता. परंतु ज्याची भीती होती तसा प्रेक्षक तेथे नव्हताच. समूहाच्या हालचाली, संगीत, मानवी पडद्याची लवचीकता हे सारे युरोपीय प्रेक्षकाला आकर्षून घेऊ शकत होते. पण आपली पाठ पाहण्याचा अनुभव त्याला मिळणे शक्य नव्हते. त्याच्या दृष्टीने नाना एक वृद्ध, कामुक सत्ताधीश होता आणि पडदा ही एक अपूर्व रंगयुक्ती होती. पुण्यात जो आरसा होता, तो बर्लिनमध्ये खिडकी झाला. दोन्हींतून दिसते, पण दिसणारा बदलतो.

५

‘फ्रिंज’ ही संज्ञा एडिंबरोच्या १९४७ सालच्या महोत्सवातून आली. निमंत्रण नसलेल्या आठ नाट्यगटांनी महोत्सवाच्या कडेला आपले प्रयोग केले आणि कडेलाच नाव मिळाले. मराठीतील ‘प्रायोगिक’ ही संज्ञा स्थान सांगत नाही, हेतू सांगते. या भेदामुळे एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. काठावरच्या नाट्यगृहात येणारा प्रेक्षक बराचसा निवडून आलेला, धक्का बसावा म्हणूनच आलेला असतो. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेत आकाराला आलेल्या प्रेक्षकवर्गाने मराठी रंगभूमीला अनमोल साथ दिली. मात्र तेथील कौतुकाची जात बरीचशी घरगुती होती. नाटकाची खरी कसोटी लागते ती काठ ओलांडून ते अशा प्रेक्षकापुढे जाते तेव्हा, ज्याने धक्क्याची मागणी केलेली नसते.

म्हणून प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात दुखावलेल्या प्रेक्षकाला केवळ ‘घात’ मानून चालणार नाही. त्याच्या आक्षेपात एक वाचन दडलेले असते आणि ते पुष्कळदा संहितेच्या भाष्यकारांच्या हातून निसटलेले असते. त्याचे वाचन ऐकावे, तपासावे, त्याला उत्तर द्यावे. प्रयोग थांबवण्याचा हक्क मात्र त्या वाचनातून त्याला मिळत नाही. दैत्यांचे म्हणणे ब्रह्मदेवाने ऐकून घेतले, पण नाटक बंद केले नाही.

राहतो तो शांत प्रेक्षक. तो ओरडला नाही, त्याने टाळीही वाजवली नाही. निळ्या डागाकडे पाहून मनात त्याचा लाल केला आणि तो घरी गेला. दैविकी सिद्धी नावाची काही गोष्ट असेल, तर ती त्याच्यापाशी होती. त्याची साक्ष मिळणार नाही. पण त्याला प्रयोगाआधी काय सांगितले गेले, हे ठाऊक आहे. आणि त्याने ते कितपत मानले, याचा अदमास प्रयोगाच्या रचनेवरून घेता येतो. प्रेक्षकाच्या इतिहासाला सध्या एवढाच पुरावा उपलब्ध आहे, आणि तो संहितेइतक्याच काळजीने वाचला गेला पाहिजे.